केतकीच्या पितळी नावासाठी

नौपाडा, ठाणे

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

पितळी पत्र्यातून तू करवतीने कापलेल्या नावाच्या पाटीचे फोटो पाहिले. अक्षरांचं वळण छान आहे, पण कडा दातेरी झाल्यात आणि क च्या पोटात तू रेषा ओलांडून बाहेर गेली आहेस. यात हाताचा दोष कमी, पात्याचा जास्त. पत्र्याच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दाते बसले पाहिजेत. तुझा पत्रा २० गेजचा, म्हणजे जेमतेम ०.९ मिमी. जाड पात्याचा एकच दाता त्यात अडकतो, हिसका बसतो आणि पातं तुटतं. सोनारी करवतीचं बारीक दात्यांचं ४/० नंबरचं पातं घे. खारघरला शोधत बसू नकोस, मशीद स्टेशनला उतरून झवेरी बाजार गाठ. डझनाची जुडी मिळते. तीन जुड्या तरी आण, कारण पाती तुटणारच.

पातं लावताना दाते फ्रेमच्या बाहेर आणि टोकं मुठीकडे. बोट हलकेच खालून वर नेलंस की टोचायला हवं. आधी वरचा स्क्रू आवळ, मग फ्रेम टेबलाच्या कडेला टेकवून छातीने किंचित दाब आणि तशीच दाबून खालचा स्क्रू आवळ. नखाने छेडल्यावर टणत्कार आला पाहिजे. भद्द आवाज आला तर पातं ढिलं आहे. ते वळणावर भरकटणार.

नाव काढलेला कागद पत्र्यावर चिकटवण्याआधी ते नाव नीट बघ. देवनागरीत शिरोरेषा सगळं नाव एकत्र धरते, ही आपली मोठी सोय. पण मात्रा शिरोरेषेला जिथे टेकते तिथे मान बारीक राहते. ती ३ मिमी तरी जाड काढ, नाहीतर पुसतानाच मोडेल. बंद जागा तीन: दोन्ही क ची पोटं आणि वेलांटीखालची पोकळी. त्या आधी काप, कारण तेव्हा पत्रा मोठा असतो आणि धरता येतो. मग खालच्या कडा, आणि शिरोरेषेची वरची बाजू, मात्रा-वेलांटीसकट, अगदी शेवटी.

पोकळीसाठी सेंटर पंचने खूण करून १ मिमीचं भोक पाड. पत्रा खाली लाकूड ठेवून क्लॅम्पने आवळ, बोटांनी मुळीच धरू नकोस. ड्रिल अडकलं की पातळ पत्रा गरकन फिरतो आणि बोटं कापतो. मग पात्याचं वरचं टोक सोडून भोकातून ओव आणि परत ताणून बसव. कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा उपाय नाही.

कापताना टेबलाच्या कडेला बसवलेल्या, पत्रा टेकवायच्या लाकडी फळीची व्ही खाच छातीच्या उंचीवर येईल अशी खाली बस. करवत उभी सरळ चालव, पात्याची जवळजवळ पूर्ण लांबी वापर. मूठ सैल असू दे. पातं फक्त खाली येताना कापतं, वर जाताना जोर लावलास तर पत्रा उचलला जातो. पुढे ढकलायचं नाही. पुढे जाणं दात्यांचं काम आहे. वळवायचा तो पत्रा, करवत नाही. त आणि क चे कोपरे असे घे: तिथेच जागच्या जागी वर-खाली करत राहा, भार किंचित पात्याच्या पाठीवर दे (पाठ कापत नाही) आणि पत्रा हळूहळू फिरव. कोपऱ्यात घाई केलीस की पातं पिळवटून तुटतं. निम्मी पाती इथेच जातात.

मेण पात्याच्या पाठीला जरासं लाव. दात्यांत भरलं तर कीस चिकटतो.

रेषेच्या बाहेर पाव मिमी ठेव, पोकळीत आतल्या बाजूला. बाकी बारीक कानशीने. आणि पत्रा उलटून बघायची सवय लाव: समोरून रेषा अचूक, पण मागून अक्षर जाड किंवा बारीक दिसलं, तर करवत तिरकी धरली जात आहे. तिथे कानस घासत बसू नकोस, आधी बसणं सुधार.

सुरुवातीला टाकाऊ पत्र्यावर २ मिमी अंतराच्या समांतर रेषा, मग नागमोडी, मग गोल काप. गोल सगळ्यात अवघड जातो. पितळ जमल्याशिवाय तांब्याला हात लावू नकोस, ते मऊ असल्याने दात्यांना चिकटतं.

चष्मा लाव, तुटलेलं पातं डोळ्याकडेच उडतं. कीस फुंकू नकोस, ब्रशने झाड.

पॉलिश झाल्यावर बोटांचा तेलकटपणा पुसून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, हात दे. खाडीच्या दमट हवेत उघडं पितळ पहिल्या पावसाळ्यातच काळवंडतं.

तुझे,
बाबा