चरबीतल्या मूलपेशी आणि काकूंचे गुडघे

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. जिना चढताना काकूंना मध्येच दोनदा थांबावं लागतं, हे वाचून जीव कळवळला. पोटाची चरबी काढून तिच्यातल्या मूलपेशी गुडघ्यात सोडल्या की झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, पुन्हा तयार होते, असं त्यांना कुणी सांगितलंय. मी रोज याच पेशी हाताळते, म्हणून तू मला विचारलंस. थोडं लांबेल, पण नीट सांगते.

चरबीत मूलपेशी असतात हे अगदी खरं. लायपोसक्शनमधून, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायच्या शस्त्रक्रियेतून, निघालेली चरबी आमच्याकडे येते ती पिवळी आणि रक्ताने माखलेली. ती सलाइनने धुवायची, कोलॅजनेज नावाचं एन्झाइम घालून ३७ अंशांवर हलवत ठेवायची. पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळलं की सेंट्रीफ्यूज नावाच्या यंत्रात वेगाने फिरवायची. तेलाने भरलेल्या मेदपेशी वर तरंगतात आणि तळाशी चिमूटभर लालसर गाळ बसतो. मार्टिन रॉडबेल या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये उंदरांच्या चरबीवर हीच पद्धत वापरली, पण त्यांना हव्या होत्या वरच्या पेशी. माणसाच्या चरबीतल्या गाळाचं मोल २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्यातल्या काही पेशी प्लास्टिकच्या बशीला चिकटून वाढतात, आणि योग्य रसायनं दिली की चरबी, हाड, कूर्चा किंवा स्नायूच्या वाटेने जातात. बशीत हा बदल मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मायक्रोस्कोपपासून उठवेना.

अशा पेशी अस्थिमज्जेतही असतात, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते आणि हाती फार थोड्या लागतात. चरबी सहज मिळते, तिच्यात त्या भरपूर असतात. शरीरात त्यांना कामही आहे. २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी, अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) मेदपेशींच्या डीएनएत मोजून हिशेब लावला. मोठ्या माणसाच्या दर वर्षी साधारण १० टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. म्हणजे ज्या चरबीला आपण नुसतं साठवण समजतो, तिथे या मूलपेशींच्या जोरावर ही भरपाई अखंड चालू असते!

आता गुडघा. बशीत आम्ही रसायनांनी त्या पेशींना हवं तिकडे वळवतो, गुडघ्यात तसं कुणी वळवत नाही. सोडलेल्या बहुतेक पेशी तिथे फार काळ टिकतही नाहीत. त्या काही द्रव्यं सोडतात, त्यांनी सूज शमते, काहींच्या वेदना कमी होतात. पण झिजलेली कूर्चा खात्रीने परत येते असा पुरावा नाही, आणि काकूंना सांगितलंय नेमकं तेच.

‘स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला?’ हे वाक्य मला फार टोचतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. तिघींचीही दृष्टी जवळपास गेली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणि जिथे सगळं काटेकोरपणे झालं तिथलंही ऐक. क्रोन या आतड्यांना सूज आणणाऱ्या आजारातल्या भगंदरासाठी चरबीतल्या मूलपेशींच्या औषधाला युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, सरस ठरलं नाही आणि २०२४ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

म्हणून काकूंना पैसे भरण्याआधी थांबव. ही नोंदणीकृत चाचणी आहे का, तुलना कशाशी करणार, नंतर किती काळ तपासत राहणार, एवढं लेखी माग. चाचणी म्हणत असूनही उपचाराचे पैसे मागत असतील, तर मला तिथेच शंका येते. तोवर फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम सुरू करू दे. त्यांचा गुडघेदुखीवरचा उपयोग चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलाय.

त्या दवाखान्याने दिलेले कागद फोटो काढून पाठव, मी ओळ न् ओळ वाचते. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा काकूंनाही जवळ बसव. त्यांच्याशी मला स्वतः बोलायचंय.

तुझीच,
माधवी