भांडुपच्या फॉल-बीडिंगवाल्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं आणि दुकानाचं नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळतोय. "उद्या दारात रांग लागली तर लग्नसराईच्या ब्लाउजांचं काय करू?" हे कारण पटण्यासारखंच होतं. पण तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही मान खाली घालून मशीन चालवत राहता. म्हणून अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, तुम्ही शिवलेल्या कापडी डायपरांचे आभार लिहून मानतो, आणि चारचौघांत मानतो. अण्णांसारखी माणसं पुष्कळ घरांत आहेत, आणि त्या घरांतले लोक हा विषय शेजाऱ्यांकडेसुद्धा काढत नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं बरंचसं परत आलं, डोकं पहिल्यासारखं तल्लख राहिलं. लघवीवरचा ताबा मात्र राहिला नाही. हॉस्पिटलमधून घरी आले ते डायपर लावूनच, आणि मग औषधांच्या यादीबरोबर केमिस्टकडून डायपरचे पुडेही येत राहिले. मुंबईचा मे महिना, वन बीएचके, आणि कमरेला चोवीस तास प्लास्टिक. जांघा लाल झाल्या, मागची कातडी भिजून पांढुरकी पडली. तक्रार करणं अण्णांच्या स्वभावात नाही. ते फक्त पाणी प्यायचे कमी झाले.

तुमच्याकडे मी बायकोच्या साडीला फॉल लावायला आलो होतो. तुमच्या सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचं सगळं तुम्ही घरी शिवलेल्या कापडावर निभावलंत, हे बिल्डिंगमध्ये ऐकून होतो. मोठ्या माणसाचे कापडी डायपर शिवून मिळतील का, असं चाचरत विचारलं. आता तुम्ही टेप काढाल आणि कमरेचं माप विचाराल, अशी माझी कल्पना. तुम्ही विचारलंत, "लघवी का धरवत नाही, ते डॉक्टरांनी बघितलंय का?"

झटक्यामुळे, असं मी म्हणालो. "फक्त झटक्यामुळेच?" या वयात पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो, लघवीत इन्फेक्शन असतं, पोट साफ होत नसलं तरी मूत्राशयावर दाब येतो. बीपीच्या औषधांत पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी असली आणि ती संध्याकाळी घेतली, तर रात्रभर गळती. हे सगळं बघून या, कापड कुठे पळून जात नाही, असं सांगून तुम्ही मला परत पाठवलंत. तपासणीत इन्फेक्शन निघालं. पाण्याची गोळी डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली. गळती थांबली नाही, पण निम्म्यावर आली. आणि पाणी तोडू नका, लघवी घट्ट झाली की जास्त झोंबते आणि वासही जास्त मारते, हे तुमचं सांगणं अण्णांच्या कानावर घातल्यापासून त्यांचा तांब्या पुन्हा भरला जायला लागला. डायपर विकणाऱ्यांपैकी कुणीही मला यातलं काही विचारलेलं नव्हतं. फॉल-बीडिंगच्या दुकानात विचारलं गेलं.

दुसऱ्या खेपेला तरी माप घ्याल म्हटलं, तर तुमचा पुढचा प्रश्न तयार होता. "धुणार कोण?"

खरं सांगायचं तर हे पत्र मी या एका प्रश्नासाठी लिहितोय. कापडी डायपरबद्दल जिथे तिथे कौतुकच वाचायला मिळतं. पैसे वाचतात, कचरा कमी होतो, आपल्या आज्या-पणज्या हेच करायच्या. आज्या-पणज्या करायच्या हे खरं, पण आजोबा-पणजोबा काय करायचे याची नोंद कुठे दिसत नाही. मी म्हणालो, आमच्याकडे कपड्याला बाई येते. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तिच्या पगारात तुमच्या वडिलांचा मैला धरलाय का?" मग अण्णांची देखभाल करायला ब्युरोचे मामा येतात म्हणालो. ते बदलून देतील, पुसून देतील, ती त्यांची ड्युटी आहे, पण धुणं त्यांच्या कामात नाही, आणि जबरदस्ती केलीत तर आठवड्यात सोडून जातील, असं तुम्ही सांगितलंत. उरलं कोण? "वहिनींवर ढकलणार असाल तर मी शिवणार नाही. बाजारचे डायपर वापरा, त्यात काही पाप नाही."

इतकं सरळ मला या विषयात कुणी बोललेलं नाही. घाणीचं काम कुणाच्या तरी अंगावर जातंच, आणि ते बहुतेक वेळा न विचारताच घरातल्या बाईच्या नाहीतर बाहेरून येणाऱ्या बाईच्या अंगावर जातं. तुम्ही ते शिवायच्या आधी ठरवायला लावलंत. म्हणून आमच्याकडे मी धुतो. पहाटे पाणी येतं तेव्हा. मैला आधी कमोडमध्ये जेटने उडवायचा. लघवीने भिजलेले आतले कापडी पट्टे गार पाण्यातून खळबळून, पिळून, झाकणाच्या बादलीत ठेवायचे, पाण्यात भिजत नाही ठेवायचे, कारण भिजत पडले की सडका वास धरतो. मग मशीन. आधी नुसत्या गार पाण्याची एक फेरी, कारण मैल्यावर पहिलंच गरम पाणी पडलं की डाग कायमचा बसतो. त्यानंतर पावडर घालून ६० अंशांवर, आणि शेवटी एक फेरी जास्तीची. कपड्याच्या बाईंच्या हातात यातलं काही जात नाही. पहिले काही दिवस नाकाला रुमाल बांधून धुतलं. आता बांधत नाही.

आता शिवणाकडे येतो. मला वाटायचं, जाडजूड पॅड लागेल. तुम्ही जाड काही शिवलंच नाहीत. वरचं आवरण पीयूएलचं, म्हणजे एका बाजूने पॉलियुरेथेनचा पातळ पडदा चिकटवलेलं कापड. ते पाणी बाहेर येऊ देत नाही, तरी रबरशीटइतकं कोंडत नाही. दोन्ही कुशींना प्रेस बटणं, म्हणजे अण्णांना उभं न करता, नुसतं कुशीवर वळवून लावता येतं. आत मांजरपाट आणि फ्लॅनेलचे लांब पट्टे, तीन घड्या घालून ठेवायचे. पुरुषांना पुढच्या बाजूला जास्त थर लागतात, म्हणून एक घडी पुढे दुमडायची. हे मला कुठल्याही पाकिटावर वाचायला मिळालं नसतं. आणि पट्टा धुताना उलगडतो, त्यामुळे एकपदरी वाळतो. शिवून जाड केलेलं पॅड पावसाळ्यात तीन दिवस ओलं राहतं, हे तुमच्या सासूबाईंच्या वेळचं शहाणपण.

मांजरपाट नवीन असताना पाणी शोषतच नाही. कोऱ्या सुताला खळ आणि नैसर्गिक तेलाचा अंश असतो, तो गरम पाण्याच्या चार-पाच धुण्यांनी निघतो. मुलीने हे ऐकून आधीच धुऊन ठेवले, नाहीतर पहिल्याच दिवशी गादी भिजली असती आणि आम्ही कापडाला नावं ठेवून मोकळे झालो असतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य बंद, कारण त्याचा थर सुतावर बसतो आणि मग पाणी वरून घरंगळतं. व्हॅसलिन आणि जाड पांढऱ्या मलमांचंही तेच. मलम लावायचंच असेल तर बोटाने पुसट, आणि मध्ये जुन्या धोतराचा एक तुकडा. वरच्या आवरणाला उकळतं पाणी नाही, इस्त्री तर कधीच नाही. आतल्या पट्ट्यांना मात्र इस्त्री चालते.

किती लागतील याचा हिशोबही तुम्हीच मांडून दिलात. दिवसा दर तीन तासांनी बदल धरला तर पाच-सहा पट्टे, पावसात वाळायला दोन दिवस धरले तर १८ ते २० पट्टे, आणि आवरणं ६ पुरेत. मी उत्साहाने ४० म्हणालो होतो. "ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर?" असं तुम्ही म्हणालात. भांडुपच्या वन बीएचकेत हा प्रश्न विनोदी नाही.

जुलैमध्ये खरी परीक्षा झाली. छताच्या दांड्यांवर पट्टे, खिडकीच्या ग्रिलला पट्टे, खाली फॅन. एके दिवशी वास यायला लागला, अमोनियाचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मी बादलीभर डेटॉल ओतायच्या बेतात होतो, तेवढ्यात तुम्हाला फोन केला. तुम्ही सांगितलंत, लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया करतात, आणि ते जंतू धुण्यातून राहिलेल्या साबणात आणि ओलीत वाढतात. म्हणजे जास्त औषध नको, पावडर बेताची, गरम पाणी भरपूर, आणि खळबळणं जास्त. वास गेला. अर्धवट दमट पट्ट्यांवर इस्त्री फिरवून उरलेली ओल मी रात्री टीव्ही बघत काढतो. सप्टेंबरच्या अखेरीस ऊन पडलं तेव्हा डागही फिके झाले. उन्हाइतकं स्वस्त ब्लीच नाही.

आता एक गोष्ट, जी कापडाच्या कौतुकात दडपली जाते आणि तुम्ही दडपली नाहीत. बाजारच्या डायपरमध्ये भुकटी असते, सोडियम पॉलिअॅक्रिलेटची. ती लघवी शोषून तिचा गोळा करते आणि वरचा थर कोरडा ठेवते. कापडात ती सोय नाही. ओलं झालं की ओलंच लागतं. म्हणून कापड लावून माणूस सहा तास ठेवला तर कातडी प्लास्टिकपेक्षाही वाईट होईल. दिवसा हात लावून बघायला मामा आहेत, दोन-अडीच तासांनी युरिन पॉट द्यायची सवय लावली आहे, म्हणून जमतं. रात्री कोण उठणार, हेही तुम्ही विचारलं होतंत. मी उठतो म्हणालो. "सकाळची लोकल कोण पकडणार मग?" रात्री बाजारचा एक लावा, झोपा, आणि झोपू द्या, असं तुमचं म्हणणं. अजूनही तसंच चालू आहे. डॉक्टरकडे जायचं असलं तरीही तोच. जांघेतला लालपणा गेला, पण त्याचं सगळं श्रेय कापडाला देणं बरोबर नाही. निम्मं श्रेय वेळेवर बदलण्याला, आणि दुपारी अंडरपॅडवर थोडा वेळ काही न लावता मोकळं ठेवण्याला.

पैशांचं लिहायलाच हवं, कारण लोक तेच आधी विचारतात. एक डायपर ४० रुपयांना धरला आणि दिवसाला चार, तर महिन्याला ४,८०० रुपये. आता रात्रीचा एकच, म्हणजे १,२००. वीज, पावडर, पाणी वजा जाता कापडाचा आणि शिलाईचा खर्च थोड्याच महिन्यांत वसूल झाला. माझी मेहनत यात धरलेली नाही. ज्या घरात मेहनतीला माणूस नाही, त्यांनी हा आकडा वाचून स्वतःला दोष देऊ नये.

आणि कचरा. आपण कांजूरच्या डम्पिंगच्या वाऱ्यावर राहतो, त्यामुळे मुंबईचा कचरा जातो कुठे हे आपल्याला कुणी शिकवायला नको, संध्याकाळी खिडकी उघडली की कळतं. घनकचरा नियमांत वापरलेला डायपर नीट गुंडाळून द्यायचा असं आहे. महापालिकेने २०२५ च्या मे महिन्यापासून असा कचरा वेगळा नेण्याची सोयही सुरू केली. आमची सोसायटी त्यात नाव घालायची की नाही यावर अजून मीटिंगा घेतेय. तोवर आमच्या घरचे रोजचे तीन डायपर तरी कचऱ्याच्या गाडीत जात नाहीत.

अण्णांचं सांगायचं राहिलं. ते गिरणीत होते, १९८२ च्या संपापर्यंत. तरुणपणी लालबागच्या व्यायामशाळेत कुस्ती खेळायचे. बाजारचा डायपर लावताना ते भिंतीकडे बघायचे. तुमचा पहिला जोड घरी आला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने मांजरपाट चाचपला, वास घेतला, आणि मामांना म्हणाले, "लंगोट आहे की. आण, मीच सांगतो कसा आवळायचा ते." तेव्हापासून पट्टा नीट बसलाय की नाही हे तेच ठरवतात. घडी चुकली तर मामांना परत करायला लावतात, वस्तादाच्या थाटात. मामा कंटाळतात, पण मला बरं वाटतं.

एक काम आहे, रागावू नका. दोन आवरणांचं मांडीजवळचं इलॅस्टिक सैल पडलंय आणि एकाचं बटण तुटलंय. धुऊन, वाळवून ठेवलीत, शनिवारी संध्याकाळी घेऊन येतो. माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या आईसाठी माप विचारायचंय. धुणार कोण ते त्याला आधीच विचारलंय, तो उद्या सांगतो म्हणाला. आणि मागच्या वेळची शिलाई तुम्ही घेतली नाहीत, ती या वेळी घ्या. अण्णांनी पैसे मोजून पाकिटात घातलेत आणि पाकीट परत आणायचं नाही असं मला बजावलंय.

आपला,
समोरच्या बिल्डिंगमधला,
अण्णांचा थोरला