परतीची गाडी आधी ठरव

चि. सई हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझी शनिवारची यादी वाचली. सकाळी मराकसचा किनारा, दुपारी ला ब्रेआचा डांबराचा तलाव, संध्याकाळी करोनीच्या दलदलीत लाल पक्षी. नकाशात कॅरिबियनमधलं हे त्रिनिदाद बेट तळहाताएवढं दिसतं ना, म्हणून तुला हे जमेलसं वाटतंय. मराकस उत्तर किनाऱ्यावर, ला ब्रेआ पार नैर्ऋत्येला आणि मधे पोर्ट ऑफ स्पेनची तुंबलेली वाहतूक. एका दिवसात यातलं एकच कर.

बाबा पॉइंट लिसासला अमोनिया प्लांटवर होते, तेव्हा कंपनीची गाडी त्यांच्याबरोबर जायची आणि मी काही जवळच्या कूवा गावातल्या घरात पडदे लावून बसणाऱ्यातली नव्हते. त्यामुळे ते बेट बाबांना हायवेवरून माहीत आहे आणि मला मॅक्सीतून. तू माझंच ऐक.

मॅक्सी म्हणजे अंगावर रंगीत पट्टा असलेल्या पांढऱ्या मिनीबस. पट्ट्याचा रंग बघून चढायचं. तुझं कॅम्पस आहे त्या सेंट ऑगस्टीनवरून राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला आणि उलट अरिमाला जाते ती लाल पट्ट्याची. तिला बसचा राखीव रस्ता असतो, म्हणून गर्दीच्या वेळीही ती गाड्यांच्या रांगेत अडकत नाही. राजधानीतून शगवानस, सॅन फर्नांडोकडे हिरवी, सॅन फर्नांडोहून पुढे नैर्ऋत्येला तपकिरी. या सगळ्यांचा मोठा अड्डा सिटी गेट, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनचं जुनं रेल्वे स्टेशन. रेल्वे १९६८मध्येच बंद पडली. मॅक्सी जिथं जात नाही तिथं रूट टॅक्सी. साधी मोटारच, ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या भाड्यात, भरली की सुटते, आपल्या वडापसारखी. तिच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर ‘एच’ हवं. ‘पी’ असेल तर ती खासगी गाडी. तिथले लोक सर्रास बसतात, तू बसायचं नाहीस. आत शिरताना सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हण. न बोलता बसणारी मुलगी तिथं उद्धट ठरते. आणि सुटे पैसे ठेव, शंभराची नोट काढलीस की ड्रायव्हरचं तोंड बघण्यासारखं होतं.

आता मुख्य गोष्ट. कुठं कसं जायचं हे नंतर, आधी परत कशी येणार ते ठरव. सकाळी गाड्या भराभर मिळतात. दुपारनंतर गावाकडच्या वाटांवर त्या विरळ होतात आणि रविवारी तर विचारूच नकोस. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि मग अंधार पटकन पडतो. अंधारात सिटी गेटच्या आसपास पायी हिंडायचं नाही. गुन्हेगारी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. तिथले लोकही तुला हेच सांगतील.

या हिशेबानं तुझी यादी बघ. करोनीच्या नावा निघतात चारच्या सुमारास, कारण स्कार्लेट आयबिस, म्हणजे तुझे लाल पक्षी, थव्यानं परततात ते सूर्यास्ताच्या वेळी. खाडीतल्या खेकड्या-कोळंबीतून मिळणाऱ्या रंगद्रव्यानं ते इतके लालभडक होतात. पिल्लं करडी असतात. खारफुटीच्या हिरव्या बेटावर ते उतरायला लागले की झाड पेटल्यासारखं वाटतं. हे बघच. पण नाव धक्क्याला लागते तेव्हा अंधार झालेला असतो आणि बाहेर हायवे. तिथून मॅक्सी हात करून थांबवायची कल्पना डोक्यातून काढ. घरून नेऊन घरी सोडणारी सहल घे किंवा चौघींनी मिळून गाडी ठरवा. पैसे जातील, जाऊ देत.

मराकसच्या बाबतीत एक घोळ टाळ. तुझ्या कॅम्पसजवळ सेंट जोसेफवरून जो रस्ता मराकस व्हॅलीत जातो, तो समुद्रावर जात नाही! तिथं मराकसचा धबधबा आहे. तोही सुंदर, पण ती पायवाट एकटीनं चालायची नाही. किनाऱ्यासाठी मारावाल किंवा सांताक्रूझकडून डोंगर ओलांडावा लागतो. हा घाटरस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं बांधला. त्यांनी चागुआरामासचे किनारे तळासाठी घेतले, त्याची ही भरपाई. तिकडे गाड्या कमी, म्हणून सकाळी लवकर जा आणि दुपारी तीनच्या आत निघ. लाल झेंडा असेल तर पाण्यात गुडघ्यापुढे नाही. लाट दिसायला साधी, पण आत ओढते. ‘बेक अँड शार्क’, म्हणजे तळलेल्या रोटीत शार्क मासा, तू खाशील की नाही ते तुझं तू बघ. बाबांनी खाल्लं, मी भाकरीसारखी दिसणारी ती तळलेली बेक आणि चिंचेची चटणी एवढ्यावर भागवलं.

डांबराच्या तलावासाठी पूर्ण दिवस ठेव. सॅन फर्नांडोहून तपकिरी मॅक्सी. सुमारे शंभर एकरांचा काळा पसारा, बऱ्याच ठिकाणी वर चालता येतं, पण फार वेळ एका जागी उभी राहिलीस तर पाय रुततो. वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीनं १५९५मध्ये इथल्या डांबरानं जहाजांच्या फटी बुजवल्या. बिल्ला लावलेलाच गाइड घे, दर आधी बोल आणि टाकाऊ बूट घाल. प्रामाणिकपणे सांगते, पहिल्या नजरेत ते रिकाम्या पार्किंगसारखं दिसतं. गाइड चांगला भेटला तरच मजा.

माझं ऐकशील तर सुरुवात वॉटरलूपासून कर. तुझ्या शेजारच्या क्युरीपहून शगवानसची टॅक्सी, तिथून पुढची टॅक्सी कॅरापिचाइमाकडे. तिथं समुद्रातलं देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मजुरानं १९४७मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जागा साखर कंपनीची निघाली. १९५२मध्ये ते पाडलं आणि त्याला १४ दिवसांची कैद झाली. जमिनीवर नाही तर पाण्यात, म्हणून त्यानं सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन समुद्रात भर घातली. त्यात त्याची पंचवीस वर्षं गेली. आताचं देऊळ १९९५मध्ये, भारतीय मजूर बेटावर उतरल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा नव्यानं बांधलेलं. ओहोटीला भोवती नुसता चिखल असतो, म्हणून भरतीची वेळ विचारून जा. जवळच दत्ताचं देऊळ आणि ८५ फुटी मारुती. सगळं दुपारपर्यंत आटपतं आणि उजेडात घरी.

शेजारचं टोबॅगो बेट आत्ता मनातून काढ. विमान पंचवीस मिनिटांचं खरं, पण एका दिवसात केलं तर विमानतळच बघशील. दोन रात्री काढ. किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं मार्च ते ऑगस्टमध्ये, परवाना काढून, तेव्हा बघू. सध्या पावसाळा आहे, दुपारी सर येतेच. बाबांचा निरोप: क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान चुकवू नकोस, १९७१मध्ये गावसकर कसोटीत पहिल्यांदा तिथंच खेळला.

सकाळी निघताना क्युरीपच्या कोपऱ्यावर डबल्स, म्हणजे मऊ तळलेल्या पुऱ्यांतले छोले, खा. ‘स्लाइट पेपर’, म्हणजे तिखट थोडंच, असं म्हण. कोल्हापूरची असल्याचा तोरा त्या मिरचीपुढे चालत नाही.

परत आलीस की मेसेज टाक, फोन नको. तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे पहाटेचे साडेतीन.

तुझी,
आई

ता. क. ट्रेकची ती लष्करी ठिपक्यांची पँट नेली आहेस का? तिथं सामान्य माणसानं तसले कपडे घालणं कायद्यानं गुन्हा आहे. बॅगेच्या तळाशीच राहू दे.