सही करण्यापूर्वी करार वाचा

महोदय,
एमडी, एमएस होऊन बाहेर पडणारे डॉक्टर पहिल्या नोकरीत आकडा तेवढा पाहतात. खासगी रुग्णालय 'कन्सल्टंट' म्हणून घेते तेव्हा बहुधा पगार नव्हे, व्यावसायिक शुल्क मिळते: १० टक्के टीडीएस कापला जातो, भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजाही नाही. दरमहा किमान रकमेची हमी किती महिने, त्यानंतरचा टक्केवारीतला वाटा बिलावर की प्रत्यक्ष वसुलीवर, हे लेखी घ्याच.

खरा घात विम्यात होतो. व्यावसायिक दायित्व विमा (उपचारातील चुकीबद्दलच्या दाव्यांसाठीचा) सहसा 'क्लेम्स मेड' असतो, म्हणजे दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू असेल तरच संरक्षण. नोकरी बदलताना नूतनीकरण राहिले, की दीड वर्षापूर्वीच्या शस्त्रक्रियेची नोटीस आज आल्यास भरपाई खिशातून. रुग्णालयाच्या पॉलिसीवर विसंबू नका, स्वतःच्या नावाने घ्या. आणि नवी पदवी महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदवल्याशिवाय पाटीवर लिहू नका.

– एक वाचक, पुणे