पट्ट्या मोजण्याआधी नॉब तपासा

महोदय,

घरच्या घरी संगीतनिर्मिती करण्यासाठीच्या साधनांवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात मिडी कंट्रोलरबद्दल (स्वतः आवाज न करता, कोणती पट्टी दाबली, कोणता नॉब फिरवला हे 'मिडी' या सांकेतिक भाषेत संगणकाला कळवणाऱ्या कीबोर्डबद्दल) 'जितक्या जास्त पट्ट्या तितका चांगला' असा सल्ला दिला आहे. पियानो वाजवणाऱ्याला तो लागू पडेल. सॉफ्टवेअर सिंथेसायझर (संगणकावर आवाज घडवणारे वाद्य, थोडक्यात सिंथ) वाजवणाऱ्याला मात्र पट्ट्या २५ की ६१, यापेक्षा नॉब कोणत्या जातीचे आहेत हे जास्त महत्त्वाचे. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

साधा नॉब, म्हणजे पोटेन्शिओमीटर, दोन्ही टोकांना अडतो आणि ० ते १२७ मधली आपली जागा कळवतो. समजा, प्रीसेट (आवाजाची साठवलेली मांडणी) बदलल्यावर पडद्यावर फिल्टरचा कटऑफ (ज्या कंपनसंख्येच्या वरचा आवाज फिल्टर दाबतो ती मर्यादा) १०० वर आला आणि नॉब मात्र आधीच्याच २० वर आहे. नॉब जरा फिरवला की कटऑफ १०० वरून थेट २१ वर कोसळतो आणि वाजता आवाज एकदम दबतो. सॉफ्टवेअरमध्ये 'पिकअप' पर्याय असेल तर तो सुरू करावा. मग नॉब १०० पर्यंत पोहोचेपर्यंत काहीच बदलत नाही. ऐन वादनात ही वाट पाहणेही जाचक होते, हा भाग वेगळा.

गोल गोल फिरत राहणाऱ्या एन्कोडर जातीच्या नॉबला ही अडचण नाही, कारण तो जागा सांगतच नाही. 'एक पाऊल पुढे' किंवा 'एक मागे' एवढेच कळवतो. पण ते कळवण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पुढे-मागेसाठी एकीत १ आणि १२७ हे आकडे जातात, दुसरीत ६५ आणि ६३, तिसरीत १ आणि ६५. कंट्रोलरमध्ये एक पद्धत आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरी राहिली तर मूल्य लांब उड्या मारते, कधी उलट्या दिशेने पळते. सॉफ्टवेअर साध्या नॉबच्या अपेक्षेत असेल, तर १ आणि १२७ या दोन टोकांवरच आपटत राहते. नॉब बिघडला म्हणून कंट्रोलर परत करण्याआधी मिडी मॉनिटर (येणारे मिडी संदेश दाखवणारा प्रोग्राम) उघडून नेमके कोणते आकडे येतात ते पाहावे.

दुसरी मर्यादा मिडीचीच. १९८३ च्या या मानकात साध्या कंट्रोल संदेशाला १२८ पायऱ्या मिळतात. कटऑफचा पल्ला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे दहा सप्तके धरला, तर एक पायरी जवळपास एका अर्धस्वराएवढी पडते. रेझोनन्स (कटऑफजवळच्या आवाजाचा उठाव) वाढवून नॉब हळू फिरवला की या पायऱ्या स्पष्ट ऐकू येतात. चांगले सिंथ आतल्या आत त्या गुळगुळीत करतात, काही करत नाहीत. पिच बेंडला (स्वर वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाला) मात्र १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणून मींड तिथेच घ्यावी. फक्त तिचा पल्ला सिंथमध्ये ठरतो. बहुधा तो ±२ अर्धस्वर असतो, लांब मींडेसाठी ±१२ करावा.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, हा दोषही लेखात कंट्रोलरच्या माथी मारला आहे. जुन्या पाच पिनांच्या केबलवरूनही तीन बाइटचा एक संदेश जायला ०.९६ मिलिसेकंद लागतात. उलट ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) ५१२ नमुन्यांचा ऑडिओ बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक जमवतो तो साठा) एकटाच ११.६ मिलिसेकंद खातो. १२८ वर आणला की २.९ उरतात. त्याहून खाली नेल्यावर आवाज तडतडू लागला तर प्रोसेसरला भार झेपत नाही असे समजावे आणि एक पायरी वर यावे. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोहोचवणारा प्रोग्राम) नसेल, तर बहुतेक वेळा उशिराचे मूळ तिथेच सापडते.

राहिला सस्टेन पेडल, म्हणजे दाबून धरल्यावर स्वर लांबवणारा. तो उलटा चालतो, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबतात, तेव्हा पेडलमध्ये खराबी नसते. काही पेडल दाबल्यावर सर्किट जोडतात, काही तोडतात, आणि अनेक कंट्रोलर यातला प्रकार सुरू होतानाच ओळखतात. म्हणून आधी पेडल जोडावा आणि त्यावर पाय न ठेवता कंट्रोलर सुरू करावा.

– एक वाचक