तडजोड म्हटली की सेटिंग?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वॉर्डातल्या सभेची बातमी आपल्या कालच्या अंकात वाचली. ‘खडाजंगी’, ‘एकेरीवर उतरले’ हे सगळं ठळक टाइपात आणि पाणी आठ दिवसांनी येतं हा मूळ विषय शेवटच्या दोन ओळींत. वर ‘एका ज्येष्ठ नागरिकाने मध्यस्थीचा प्रयत्न केला’ असंही एक वाक्य. तो ज्येष्ठ नागरिक मी. मध्यस्थी वगैरे काही केली नाही. दोन निवेदनं कशाला, एकच देऊ, मराठी आणि कन्नड दोन्हीतून, सगळे सह्या करू, एवढंच म्हणालो. त्यावर माझ्याच वर्गात शिकलेला एक पुढारी माइकवरून म्हणाला, “सर, सेटिंगच्या गोष्टी करू नका.” टाळ्या पडल्या. समोरच्या गटानेही वाजवल्या. अख्ख्या सभेत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढंच, पण ते छापायला आपला बातमीदार विसरला.

एका निवेदनाची अक्कल माझी नव्हे, वडिलांची. वडील शिलाईकाम करत. बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या एकीकरण समितीचे कट्टर, १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनी, दुकान बंद, दंडाला काळी फीत आणि सायकल फेरीत हजर. शेजारचे अण्णा मागवाले, पक्के कन्नडिग. संध्याकाळी कट्ट्यावर, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालावरून दोघांचं असं जुंपायचं की आई भाकरी थापायची थांबून बाहेर डोकवायची. पण आधी अण्णांचं “बर्री मास्तर, कूडरी” (या मास्तर, बसा) व्हायचं, वडिलांना जागा व्हायची, मग भांडण. अरे-तुरे कधी ऐकलं नाही. मतही कुणाचं तसूभर बदललं नाही.

एकदा गल्लीतलं गटार तुंबलं. अर्जात वर कुठली भाषा, यावरून दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी फुलस्केप कागद मधोमध उभा दुमडला. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. वर-खालीचा प्रश्नच मिटला. मग अण्णांच्या ध्यानात आलं की डावी बाजू आधी वाचली जाते. म्हणून पहिली सही त्यांची. गटार झालं का म्हणाल, तर अर्धं झालं. पण पुढच्या नोव्हेंबरात वडिलांच्या दंडाला फीत होतीच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आमच्या नळाच्या अर्जाने निकालात निघणार आहे काय?

गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ साली आपल्या बेळगावात भरलं, हे पुढारी अभिमानाने सांगतात. शताब्दीचे फलकही झाले. त्या अधिवेशनात झालं काय, ते मात्र कुणी सांगत नाही. कायदेमंडळात जावं की नाही, यावरून तेव्हा काँग्रेसमध्ये दोन तट होते. गांधीजींना तिथे जाणं मुळीच पसंत नव्हतं, तरी जावं म्हणणाऱ्या चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंशी झालेला समझोता त्यांनी टिळकवाडीतल्या मंडपात मान्य करून घेतला. दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षवाल्यांनी काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सुताची अट गिळली. आमच्या सभेत हे झालं असतं तर दोघांनाही ‘किती घेतले?’ असं विचारलं असतं.

त्या विद्यार्थ्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण त्याचं मराठी निबंधाचं पुस्तक मीच तपासत होतो, तेव्हा दोष थोडा माझ्याकडेही येतो. आपल्याकडे मात्र तक्रार आहे. कोण कुणाला काय बोललं हे चौकटीत छापता, तर ते एकच निवेदन चौकटीत का नको? माणसं चौकटीसाठीच ओरडतात हो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वडगाव, बेळगाव

ता. क. पेपर टाकणारा मुलगा अंक दारात न ठेवता हौदाच्या कडेला भिरकावतो, आणि नळ आला की तो भिजतो. गेले आठ दिवस कोरडा मिळतोय, ती गोष्ट वेगळी.