मोडाच्या मुगाबद्दल शुभाला

वाई,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आंघोळ करून बाहेर आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दाराला धरून खालीच बसले." आणि लगेच लेकीच्या परीक्षेवर आलीस. मी त्या वेळी काही बोलले नाही, पण रात्रभर मला झोप लागली नाही. त्यातच तू म्हणालीस की फिरायला येणाऱ्या मैत्रिणींचं ऐकून पोहे-उपमा बंद केलास आणि रोज सकाळी वाटीभर कच्चे मोडाचे मूग खातेस, नुसतं लिंबू पिळून, मीठ न घालता. फोनवर समजावलं असतं तर "हो गं, बघते" म्हणाली असतीस. म्हणून पत्र लिहिते आहे.

मुगाशी माझं वैर नाही. मोड आले की क जीवनसत्त्व वाढतं, कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, पोटही कमी फुगतं. तुझा रक्तदाब कमी आहे म्हणून मूग वर्ज्य, असंही नाही. मला भीती आहे ती दोन गोष्टींची. तू ते कच्चे खातेस, आणि न्याहारीच्या जागी खातेस.

कच्च्याचं आधी सांगते, कारण ते माझ्या अंगावरून गेलंय. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी मटकीला मोड आणले होते. पाहुणे आले, गडबडीत अर्धी मटकी रात्रभर ओट्यावरच राहिली. सकाळी यांच्यासाठी तिची उसळ केली आणि मी मूठभर तशीच कांदा-टोमॅटो घालून खाल्ली. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून मला उलट्या-जुलाब. ह्यांना काहीच झालं नाही. मटकीनेच झालं हे कुणी तपासून पाहिलं नाही, पण मला शंका नाही. माझा रक्तदाब एरवीच 100/60 च्या आसपास. पहाटे मोरीकडे जायला उठले ती कोसळलेच. दवाखान्यात मोजला तेव्हा वरचा आकडा 78 होता. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "ज्याचं बी.पी. 130 असतं त्याला खाली उतरायला जागा असते. तुम्हाला ती नाही." शुभा, तुझं तर 90/60 च्याही खाली जातं. जुलाबांनी अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की रक्ताचं आकारमान कमी होतं, दाब आणखी उतरतो. दुसऱ्या कुणाचं दोन दिवसांत निभावेल, तिथे तू घरात एकटी असताना पडशील, ही माझी भीती आहे.

मोडांमुळेच हे का होतं, तर मोडांना हवी असते ऊब आणि ओल, आणि जंतूंनाही तेच हवं असतं. साल्मोनेला, ई. कोलाय हे जंतू दाण्याच्या सालीच्या बारीक चिरांमध्ये आधीच असू शकतात. वरून कितीही धुतलं तरी ते सगळे निघत नाहीत, आणि फडक्यात बांधलेल्या एका रात्रीत त्यांची संख्या प्रचंड वाढते. वास येत नाही, रंगही बदलत नाही. 2011 साली जर्मनीत काय झालं ते आठवतं? ई. कोलायची साथ आली, जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक गेले, कित्येकांची मूत्रपिंडं बिघडली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि तिथले शेतकरी नाहक भरडले गेले. शेवटी माग लागला तो मोडांपर्यंत, आणि संशय गेला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांवर. आपल्या डब्यातली साधी मेथी गं! ते वाचल्यापासून मी कच्चे मोड तोंडात टाकले नाहीत.

मग काय करायचं? शिजवायचं, एवढंच. आपल्या आज्या मोड आलेलं कडधान्य कच्चं कुठे खायच्या? उसळ, बिरडं, आमटी, सगळं चुलीवर चढायचं. सासूबाई अलिबागकडच्या, त्यांचं डाळिंब्यांचं बिरडं खोबऱ्याच्या वाटणात मऊ शिजलेलं असायचं. तू मूग रात्री आठ तास भिजव, पाणी बदलून दोनदा धू, आणि पुरचुंडी बांधायचं फडकं दर वेळी उकळून उन्हात वाळव. (हे पावसात कठीण, मला माहीत आहे. इस्त्री फिरव.) इवलासा मोड आला की पुरे. लगेच वापरायचे नसले तर फ्रीजमध्ये ठेव आणि दोन दिवसांत संपव. चिकट लागले, आंबूस वास आला, तर जीव तुटला तरी टाकून दे. फोडणीत हिंग, हळद, कढीपत्ता, मग मूग, वाटीभर पाणी, झाकण, आणि दाणा बोटांनी दाबला की चेपेपर्यंत शिजव. वरून लिंबू पिळ, कारण शिजताना क जीवनसत्त्व थोडं जातं. नुसती वाफ दाखवून कुरकुरीत ठेवू नकोस. बाहेर भेळेवर टाकतात ते कच्चे मूगही नको. मिसळीतली मटकी चांगली उकळलेली आणि गरम असेल तर खुशाल खा. राजम्याला मोड आणून खायचं मात्र मनातही आणू नकोस, कच्च्या राजम्याचे चार-पाच दाणेसुद्धा उलट्या करवतात.

आता न्याहारीबद्दल. लांब मोड आलेल्या 100 ग्रॅम मुगात जवळपास 90 ग्रॅम पाणीच असतं, प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम, उष्मांक 30. आपल्या आखूड मोडांत थोडं जास्त धर, तरी ते पोटभर खाणं नव्हे. आणि सोडियम जवळपास नाहीच. रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास उपाशी, त्यावर हे आणि वर गरम पाण्याची आंघोळ! गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, दाब आणखी उतरतो. अंधारी येणारच. पोहे, थालीपीठ, दही-भाकरी, जे तुला झेपतं ते खा, आणि उसळ त्याच्या जोडीला घे. पण एकदम ताटभर जेवू नकोस, जड जेवणानंतर काहींचा दाब उतरतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच वेळा खा.

मिठाबद्दल मी तुला आकडा सांगणार नाही. कमी रक्तदाबात बऱ्याच जणांना डॉक्टर मीठ वाढवायला सांगतात, पण तुझ्या हृदयाचं, मूत्रपिंडाचं बघूनच ते ठरायला हवं. तू मात्र मुगातलं मीठ बंद केलंस, ते कुणाच्या सांगण्यावरून? डॉक्टरांना विचार. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉईड तपासून घ्यायचं का, तेही विचार. तू शाकाहारी, दूधही सोडलंस म्हणालीस. बी-12 मोडांत मिळत नाही, आणि ते कमी पडलं की थकवा, चक्कर, कधी रक्तदाबही उतरतो. सासऱ्यांच्या आजारपणानंतर तू किती वाळलीस ते मी दिवाळीत पाहिलंय.

पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बस. सकाळी उठल्या उठल्या दोन पेले पाणी पी. अंधारी यायला लागली तर भिंतीचा आधार शोधत चालू नकोस, जिथे असशील तिथेच आडवी हो आणि पाय उशीवर ठेव. चुकून जुलाब सुरू झालेच तर लीटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट भरून, आणि घोट घोट पीत राहा. चमचा छोटा, चहाचा घे. आणि मला त्याच क्षणी फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

रविवारी मी येतेय. सोबत वालाचं बिरडं आणते, मऊ शिजवून. तोवर सकाळी न्याहारीआधी आणि उठून उभं राहिल्यावर एकेकदा दाब मोजून वहीत लिहून ठेव, मी आले की पाहीन. शनिवारी डॉक्टरांची वेळ मिळाली तर मला कळव, मग मी शुक्रवारीच एस.टी. पकडते.

तुझीच,
विजू